अक्षर दिसलं की निघायचं

मोहाची फुलं गळायला लागली आहेत. आठवड्यापूर्वी एका सकाळी अंगण झाडायला बाहेर पडले तेव्हा वास आला. शहरातून येणारी माणसं या वासाला गोड म्हणतात, गाडीची काच खाली करून नाक बाहेर काढतात. मला तो आंबायला ठेवलेल्या, झाकण नीट न बसलेल्या मडक्यासारखा वाटतो. लहान होते तेव्हाही तसाच वाटायचा. आता फरक एवढाच की वास आला की मी आधी घरात डोकावते आणि सून कुठं आहे ते पाहते.

आमचं गाव दरेकशाच्या टेशनापासून पायी अर्ध्या तासावर. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला रूळ. ख्रिस्ती घरं चार, त्यांत एक आमचं, बाकी गोंडांची आणि इतरांची. मोह मात्र सगळ्यांचा. जंगल सरकारचं असलं तरी कोणतं झाड कोणाचं हे गावाला ठाऊक असतं. आमचं झाड नाल्यापलीकडे, बांबूच्या रांजीला, म्हणजे बेटाला, लागून. त्याच्या खालच्या अंगाला सुखवंताचं. वर चढावर पार्वताचं, आणि तिच्याही वर आणखी काही. झाडं एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये पळस आहे, झुडपं आहेत, उतार आहे. पण आवाज पोहोचतो.

म्हणून मोह वेचणाऱ्या बाया एकमेकींना हाक मारतात. नवं लग्न होऊन आलेल्या पोरीला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, वेचायचं कसं ते नंतर. थोडं वेचलं की मान वर करायची आणि शेजारच्या झाडाला हाक द्यायची. तिकडून ‘ओ’ आली की पुन्हा वाकायचं. ‘ओ’मध्ये काही नसतं. घरची खुशाली नाही, गप्पा नाहीत. मी आहे, एवढंच. माझी सासू म्हणायची, भांडण असलं तरी ‘ओ’ द्यायची. आणि बाया द्यायच्या. सुखवंता आणि मी एका पावसाळ्यात बांधावरून असं भांडलो की सहा महिने एकमेकींच्या दारात पाऊल टाकलं नाही. पण मोह सुरू झाला आणि पहिल्याच सकाळी खालून तिची हाक आली. मी ओ दिली. मग उन्हाळाभर आम्ही तेवढंच बोललो.

आमच्या उपवासाचे चाळीस दिवस आणि मोहाचा हंगाम बहुतेक एकत्रच येतात. ज्या दिवसांत दुप्पट वाचन व्हावं, त्याच दिवसांत घरात कोणाला बसायला वेळ नसतो. ही जोडी कोणी लावली ते मला माहीत नाही. वर गेले की विचारीन.

मी चौथी पास आहे. लग्न होऊन आले तेव्हा या घरात वाचता येणारी मी एकटीच. सासऱ्यांनी शास्त्राचं पुस्तक, बायबल, कपड्यात गुंडाळून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी जेवणं झाली की ते कपडा सोडायचे, पुस्तक माझ्यासमोर ठेवायचे आणि स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटायचे. मी ओळीखाली बोट धरून वाचायची. जोडाक्षर आलं की अडकायची. पहिल्या वर्षी एकेका अध्यायाला कंदिलातलं तेल संपायची वेळ यायची. नवऱ्याला दिवसभर रुळावर घण मारून झोप येत असायची, तो चुळबुळ करायचा. सासरे डोळे न उघडता म्हणायचे, “वाचू दे तिले. देव काही पळून नाई चालला.”

मोहाच्या दिवसांत माझी बोटं चिकट असायची. कितीही राखेनं घासली तरी तो चिकटा जात नाही. त्या पुस्तकात आजही चाळीस दिवसांची जी पानं आहेत, दुःखसहनाची, त्यांचे कोपरे पिवळट काळे आहेत. बाकीची पानं स्वच्छ. पान उलटताना एकमेकांना चिकटतात आणि सुटताना थोडा आवाज होतो. माझी नात प्रीती लहानपणी म्हणायची, आजी, देवाचं पुस्तक कुरकुरते.

सासरे गेले, सासू गेली, नवरा गेला. पुस्तक राहिलं आणि मी राहिले. वाचन मात्र गेलं. एका दिवसात गेलं नाही. आधी दानी, माझा मुलगा, गोंदियाला धानाच्या गिरणीत लागला. पहाटेच्या गाडीनं जायचा आणि दिवेलागणीनंतर यायचा. आला की भाकरी खाऊन आडवा. मग टीव्ही आला. मग प्रीतीची शिकवणी. मग सून शालिनीला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. पाणी तिनं भरायचं, दानीचा डबा तिनं करायचा, शाळेतली शंभर ताटं तिनं सांभाळायची, आणि हंगामात मोहही तिनंच वेचायचा, कारण माझे गुडघे गेले. संध्याकाळी मी पुस्तक काढून बसले की एक जण अंघोळीला गेलेला, एक अभ्यासाला, एक चुलीपुढे. मी एकटीच वाचायची. भिंतीला वाचून दाखवल्यासारखं.

मी बोलायला काही कमी केलं नाही. रोज बोलायची.

“या घरात देवासाठी कोणाले वेळ नाई.”

शालिनी भांडी घासता घासता म्हणायची, “आई, वेळ कुठून आणू? बाजारात भेटते का तो?”

“तुह्या सासऱ्याले भेटत होता.”

“त्यायले बायको होती तुमच्यासारखी. मले कोण आहे? दानी?”

आतून दानी ओरडायचा, “मले कायले ओढून राहिली मधात?”

भांडण असं हसण्यावारी जायचं आणि पुस्तक कपड्यात जायचं. पण मी सोडत नव्हते. उपवासकाळ लागला की माझी टोचणी वाढायची. मी तशीच आहे. एखादी गोष्ट धरली की समोरचा कंटाळून हो म्हणेपर्यंत धरते.

दोन वर्षांपूर्वी शालिनी कंटाळली. त्या वर्षी प्रीती दहावीला होती. तिनंच आईच्या मोबाइलमध्ये शास्त्राचं वाचन भरून दिलं. कोणी तरी चांगल्या आवाजाचा माणूस सगळे अध्याय वाचतो. कानात वायर घालायची आणि हात मोकळे. शालिनीनं मला संध्याकाळी सांगितलं. “आई, आज मोहाखाली दोन अध्याय झाले. उद्या तीन होतीन.”

मी वायर कानाला लावून पाहिली. माणूस अडखळत नव्हता. मला थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. मग मी म्हटलं, “हे बरं झालं. कामही होते, वचनही होते.”

हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही. गोंदियाहून पाळकसाहेब रविवारी आले तेव्हा त्यांना कौतुकानं सांगणारीही मीच. ते खूष झाले. प्रवचनात म्हणाले की वेळ नाही असं म्हणणाऱ्यांनी या बहिणीकडे पाहावं. शालिनी मान खाली घालून बसली होती. मी मान वर करून बसले होते.

त्या महिन्यात जंगलखात्याची गाडी भोंगा लावून दोनदा गावातून फिरली. वाघाचा वावर आहे, उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकट्यानं जाऊ नका, खाली वाकून राहू नका. वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो, असं गार्ड समजावून सांगत होता. हातपंपावर बाया हसल्या. सुखवंता सगळ्यात मोठ्यानं. “वाकाचं नाई तं मोह का झाडावरून हात जोडून मांगाचा?” गार्डही हसला. तरणा होता, बाहेरगावचा.

सुखवंता माझ्याच वयाची, पण गुडघे शाबूत. गोंडाची. प्रार्थनेला आमच्या देवळात कधी आली नाही, मीही तिच्या देवाकडे गेले नाही. माझ्या दोन बाळंतपणांत ती होती. तिच्या एका पोराला मी दूध पाजलं आहे. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि सांगितलं तर तिला आवडलंही नसतं.

ती सकाळ तशी काही वेगळी नव्हती. मी अंगणात आदल्या दिवसाचा मोह पसरत होते. ऊन यायचं होतं. डोंगराच्या बाजूनं ओरडा ऐकू आला आणि मी समजले. ओरड्यावरूनच कळतं. अस्वल असलं तर बाया शिव्या देतात. त्या दिवशी शिव्या नव्हत्या.

मी नाल्यापर्यंत कशी पोहोचले ते आठवत नाही. आठवतं ते हे, की समोरून शालिनी चालत आली. टोपला डोक्यावर, भरलेला. एक वायर कानात, एक गळ्यात लोंबत होती. मला पाहून थांबली. “काय झालं, आई? कायचा आवाज होऊन राहिला?”

तिला माहीतच नव्हतं. टोपला भरला म्हणून ती निघाली होती. निघताना एक वायर काढली तेव्हा तिला ओरडा ऐकू आला, आणि तो गावातून येतो आहे असं वाटलं.

पुढचं पार्वतानं सांगितलं, त्याच दिवशी, सगळ्यांसमोर. सुखवंतानं खालून शालिनीला हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. मग तिसरी मारली, नाव घेऊन. “शालू वो.” काही नाही. मग तिनं वर पार्वताला आवाज दिला, “पोरगी बोलून नाई राहिली. पाहून येते.” पार्वता म्हणाली, “जा.” त्यानंतर एकदा झुडपांचा आवाज झाला, आणि मग काहीच नाही.

आमच्या झाडापासून चाळीस पावलांवर ती सापडली. आमच्याकडे येतानाच्या वाटेवर.

दुपारी गार्ड आला, सोबत त्याचे साहेब. मी तिथून हलले नव्हते. बांबूच्या रांजीमागे माती दबलेली होती. गार्डनं काठीनं दाखवलं. इथं बसला होता. पुढचे पाय असे, मागचे असे. बराच वेळ बसला असावा. तोंड कुठल्या बाजूला होतं ते मला विचारावं लागलं नाही. मी त्या जागी उभी राहून पाहिलं. समोर आमचा मोह होता, आणि खाली, पाला जाळून साफ केलेल्या राखेत, शालिनीच्या बसण्याची जागा. दहा-बारा पावलं. मधे काही नाही.

म्हणजे तो सुखवंतासाठी आला नव्हता.

हे दानीला कळलं तसं तो बसला आणि रडला. मग म्हणाला, देवानं वाचवलं. चारही घरांत तेच सुरू झालं. वचन कानात होतं म्हणून वाचली. रविवारी पाळकसाहेब आले. त्यांनी शालिनीला पुढं येऊन साक्ष द्यायला सांगितलं. ती उठेना. मला म्हणाली, “आई, मी काय सांगू?” चार दिवसांत पहिल्यांदा बोलली होती.

मी उठले. “साक्ष होणार नाही,” म्हटलं.

“का, आजी?”

“हाक मारणारी मेली म्हणून.”

पाळकसाहेब समंजस माणूस आहेत. हळू आवाजात म्हणाले, “देवाची योजना आपल्याला कळत नाही.”

“मले कळत नाई. तुमाले कळत असंन तं बुधरामच्या घरी जा आणि त्याले सांगा. घर हातपंपाच्या मांगं आहे.”

ते गेले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः आठ दिवस गेले नव्हते.

बुधराम हा सुखवंताचा नवरा. डोळ्यांत मोतीबिंदू, दिवसा भिंतीला हात लावून चालतो. मी गेले तेव्हा ओट्यावर बसला होता. कोण आहे विचारलं नाही, माझ्या चालण्यावरून ओळखलं. मी बाजूला बसले. तो म्हणाला, “वहिनीबाई, तुमची सून काय आयकत होती?”

“शास्त्र.”

“चांगलं राहते म्हणतात.”

“हो.”

“माही बायको बी काई वाईट नोती बोलत. हायेस का, एवढंच इचारत होती.”

मी त्याला सांगणार होते की सुनेला ते ऐकायला मीच लावलं. तेवढ्यासाठीच गेले होते. सांगितलं. त्यानं काठी शोधायला हात फिरवला, मी काठी त्याच्या हातात दिली, आणि तो आत गेला. दार लावलं नाही. उघडंही ठेवलं असं नाही. अर्धं तसंच राहिलं. मी उठून आले.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडतो. पन्नास वर्षं मी वाचलं, आणि मला वाटायचं की देवाचं ऐकायचं तर बाकीच्याला कान बंद करावे. पाळकही तसंच सांगतात, जगाचा गलबला बाहेर ठेवा. मग सुखवंताची हाक गलबल्यात धरायची की वचनात? मी शिकलेली नाही. ज्यांनी मोठी पुस्तकं वाचली त्यांना उत्तर माहीत असेल. मला एवढं दिसतं की शालिनीच्या कानात तेव्हा जो अध्याय चालू होता तो शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा होता. प्रीतीनं मोबाइल पाहून सांगितलं. मी तिला म्हटलं, आईला सांगू नको. तिनं सांगितलं नाही. मी आज इथं लिहिते आहे, कारण शालिनी मी लिहिलेलं वाचत नाही, तिला वेळ नसतो.

मागच्या वर्षी मोह आला तेव्हा मला वाटलं शालिनी जाणार नाही. ती गेली. आमचा वेचला, आणि मग सुखवंताच्या झाडाखाली गेली. तोही वेचला, टोपला बुधरामच्या ओट्यावर ठेवला आणि शाळेत खिचडी शिजवायला निघून गेली. मला संध्याकाळी कळलं.

“कायले गेली तिच्या मोहाखाली?”

“मंग कोण वेचंन? बुधरामबाबाले दिसते का?”

“एकटी कायले? पार्वताले संगं घ्याची.”

ती चुलीत फुंकत राहिली. मग म्हणाली, “आई, मी हाक मारते तं कोणी ओ नाई देत.”

मी ते खरं धरलं नाही. दुसऱ्या दिवशी गुडघे बांधून नाल्यापर्यंत गेले आणि ऐकत उभी राहिले. शालिनीनं हाक मारली. पार्वता वरच होती, तिच्या टोपल्याचा आवाज येत होता. ओ आली नाही. शालिनीनं पुन्हा मारली. टोपल्याचा आवाज थांबला, म्हणजे पार्वतानं ऐकलं. आणि मग पुन्हा सुरू झाला. मी तिथं अर्धा तास असेन. शालिनीनं नऊ वेळा हाक मारली. शेवटच्या हाकांमध्ये आवाज कमी होत गेला. कोणी तिला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

हंगाम तसाच गेला. यालाच लोक ‘काही झालं नाही’ म्हणतात. दानी म्हणतो, आई, काही झालं का? नाही ना? मग सोड.

या वर्षी गार्ड पुन्हा भोंगा घेऊन आला. सोबत दुसरा पोरगा होता, पहिल्याची बदली झाली. दरेकशाच्या बोगद्याकडे रेल्वेच्या लोकांनी वाघ पाहिला आहे. दोन गाई गेल्या. हातपंपावर यंदा कोणी हसलं नाही. बाया घागरी भरून मुकाट्यानं निघाल्या.

मी त्या रात्री घरात सगळ्यांना सांगितलं की यंदा वाचन सकाळी होईल, अंगणात, दिवा न लावता. मी पुस्तक घेऊन खाटेवर बसेन. जेव्हा मला दिव्याशिवाय अक्षर दिसेल तेव्हा मी पहिली ओळ वाचेन, आणि त्यानंतरच कोणी नाल्याकडे पाय टाकायचा.

दानी हसला. “आई, तुह्या डोळ्यानं अक्षर दिसाले दहा वाजतीन.”

“वाजू दे.”

“तवरिक सारा मोह डुकरं खाऊन जातीन.”

“खाऊ दे.”

शालिनी भाकरी थापत राहिली. मला वाटलं, ती ऐकणार नाही, अंधारातच निघून जाईल. सकाळी उठले तर टोपला घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसलेली. आम्ही दोघी काळोखात बसून राहिलो. पान पांढरं दिसायला लागतं ते आधी. त्यावर काही आहे हे मग कळतं, मुंग्यांच्या ओळी असाव्यात तसं. मग वेलांट्या दिसतात, मग काना, आणि मग एकदम सगळा शब्द. डोंगरावर अंधार अजून तसाच असतो, पानावर मात्र उजाडलेलं. मी वाचलं. ती उठली. मीही उठले.

आता रोज मी तिच्याबरोबर जाते. गुडघ्यांना दोन फडकी, हातात काठी, दुसऱ्या हातात पुस्तक. जायला तिला लागतो त्याच्या चौपट वेळ मला लागतो. ती थांबत थांबत चालते. आमच्या झाडाखाली पिढ्यावर मी बसते, पाठ खोडाला, तोंड बांबूच्या रांजीकडे. आणि मोठ्यानं वाचते. शालिनी आमचा मोह वेचते, मग खाली सुखवंताच्या झाडाकडे जाते आणि मला दिसेनाशी होते. मी एक-दोन वचनं वाचते आणि थांबते. हाक मारते. ओ येते. पुन्हा वाचते. असं वाचन होतं का? कोणत्याही पाळकाला विचारलं तर नाही म्हणेल. अर्थाचा धागा दर वेळी तुटतो. परवा मी एकच वचन तीनदा वाचलं आणि कळलंही नाही. सगळं ध्यान कानात असतं. वाळक्या पानावर मोहाचं फूल पडतं तेव्हा टप असा जड आवाज होतो, आणि प्रत्येक टपला माझं बोट ओळीवरून सरकतं. सासऱ्यांनी पाहिलं असतं तर डोळे उघडले असते.

पण घरात दहा वर्षं मी एकटी वाचत होते. आता ऐकणारी एक आहे. ती काय ऐकते, शब्द की माझा आवाज चालू आहे एवढंच, ते मी विचारत नाही.

आजची सकाळ. ढग होते, अक्षर उशिरा दिसलं. आम्ही पोहोचलो तेव्हा फुलं खूप पडलेली होती, काहींवर खुरांचे ठसे. शालिनी खाली गेली. मी वाचत होते. हाक मारली, ओ आली. दुसरी मारली, ओ आली. मग मी एका लांब वचनात शिरले आणि संपवूनच थांबले. हाक मारली.

काही नाही.

मी बोट ओळीवर ठेवलं. पुन्हा हाक मारली, नाव घेऊन. फुलं पडत होती. डोंगराकडून माकडं खोकल्यासारखं ओरडायला लागली, आधी एक, मग दोन-तीन. ती उगाच तसं ओरडत नाहीत. माझे पाय उभे राहायला तयार होते, गुडघ्यांचं दुखणं त्या वेळी कुठं गेलं होतं कोणास ठाऊक. पाहून येते, हे शब्द माझ्या तोंडात होते. मी ते गिळले. उठले नाही. तिसरी हाक मारली, जितकी मोठी निघेल तितकी.

वरून, चढावरून, आवाज आला. “ओ. ती माह्यापाशी हाये, काकू. पाणी पिऊन राहिली.”

पार्वता होती. दोन वर्षांनी.

मी ओरडून सांगितलं, “माकडं बोलून राहिली. खाली या दोघी.”

“अर्धा बी टोपला नाई झाला.”

“या म्हणते ना.”

त्या आल्या. शालिनीचं तोंड पांढरं पडलं होतं. ती खालच्या झाडाकडून वर कधी गेली, पार्वतानं तिला काय म्हणून बोलावलं, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पार्वतानं वर तोंड करून चढावरच्या बायांना हाक दिली. एकेक ओ यायला लागली, जवळची आधी, मग लांबची. मी बोटांवर धरत होते. सकाळी आमच्यापुढून सहा जणी वर गेल्या होत्या, पार्वता धरून. पार्वता इथं. वरून चारच ओ आल्या.

माकडं थांबली होती. ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटत होतं. पार्वता एक पाऊल पुढं गेली. शालिनीनं तिचा पदर धरला.

“जाऊ नोको,” ती म्हणाली. “इथूनच मार.”

आम्ही तिघींनी मिळून हाक मारली. बराच वेळ गेला, किंवा मला तसं वाटलं. मग वरून चिडक्या आवाजात ओ आली. “कायले बोंबलून राहिल्या वो? कानात चिलट गेलं होतं.”

कोणी हसलं नाही. सगळ्या खाली उतरल्या, अर्धे टोपले घेऊन, आणि आम्ही एकमेकींना लागून नाला ओलांडला. मागं फुलं पडत राहिली. पार्वतानं माझं पुस्तक धरलं, कारण उतारावर मला दोन्ही हात काठीला लागतात.

झाडावर अजून पंधरा दिवसांचा मोह आहे.